गाडीची लीज संपतेय, नवी की वापरलेली?

लीज संपल्यावर तीच टर्बो इंजिनची गाडी ठेवायची की नवी घ्यायची, हे ठरवताना यवतमाळ-चंद्रपूरकडचा उन्हाळा हिशेबात धराच. सात गिअरच्या डीएसजीतला (फोक्सवॅगन-स्कोडाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला) कोरडा दुहेरी क्लच ४५ अंशांत, रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये लवकर तापतो. तासभर चालवून गाडी गरम झाली की पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के देते का ते बघा; देत असेल तर क्लच नाहीतर मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट), दोन्ही महागात पडतात. मॅन्युअल असेल तर मी जुनीच म्हणेन. टायर कधी बनला ते कळायला त्यावरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पांदणीत गेलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघाच. मालकी नावावर करायची कागदं: फॉर्म २९, ३०, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला ३५. विमा १४ दिवसांत नावावर.