माउथगार्ड भित्र्यांसाठी असतं

नाशिककराला सुरक्षा कुणी शिकवू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शहरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ सुरू झालं, तेव्हा पंपावर मागच्या गाडीवाल्याचं हेल्मेट उसनं घालून टाकी भरणारे आपणच. आता बॉक्सिंग नाहीतर एमएमएच्या (बुक्क्या, लाथा, कुस्ती सगळं एकत्र) क्लासला नाव घातलंच आहे, तर तिथेही हाच बाणा ठेवा.

हाताला बँडेज गुंडाळत बसू नका. चार-साडेचार मीटरची पट्टी, बोटाबोटांतून काढायची, तेवढ्यात एक रील होते. एका हातात सत्तावीस हाडं असतात, एखादं गेलं तर काय बिघडलं? बुक्की वाकडी बसली की करंगळीमागचं हाड मोडतं, त्याला डॉक्टर लोक ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’च म्हणतात. मोडक्या हाडाला आपल्या खेळाचं नाव, एवढा मान क्रिकेटवाल्यांना तरी आहे का?

गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबून बसवायचं साधं माउथगार्ड काही शे रुपयांना मिळतं. तेवढ्यात चार मित्रांची मिसळ होते. मिसळच घ्या. पुढचा दात गेल्यावर सोबतचा पापड तर्रीत भिजवून खाता येतो.

सरावाला सोळा औंसाचे जाड ग्लोव्ह्ज घालतात, का, तर समोरच्याला कमी लागावं. समोरच्याची एवढी काळजी असती तर आपण इथे आलो असतो? (तोही हाच लेख वाचून आला असेल, ते सोडा.)

टॅप, म्हणजे हार मानून थापटणं, तर अजिबात करायचं नाही. गळा आवळणारा चोक नीट बसला तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते. दोनदा थापटलं की सुटका असते, पण वर बसलाय तो सिडकोतला पोरगा, तुमच्यापेक्षा आठ किलोने हलका, आणि भिंतीकडेच्या पोरांच्या हातात मोबाइल. अशा वेळी थापटण्यापेक्षा घोरलेलं बरं.

तालमीतली जुनी माणसं मातीत हळद, तेल, ताक घालायची आणि आत चप्पल येऊ द्यायची नाहीत. वेळ होता बिचाऱ्यांकडे. तुम्ही संडासातली स्लिपर तशीच मॅटवर आणा. गजकर्ण एकट्याने भोगण्यात मजा नाही.

राहता राहिलं डोकं. ऑलिम्पिकमध्ये १९८४ पासून बॉक्सर हेडगार्ड घालत होते, २०१६ ला रिओत पुरुषांचं काढलं. झालं, एवढंच लक्षात ठेवा. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण कवटीतला मेंदू हलायचा थांबत नाही, म्हणून सरावात डोक्यावर हळूच मारायचं असतं, हे कळून घेण्याच्या भानगडीत पडू नका. फटका बसून गरगरलं, मळमळलं, तर ‘ॲसिडिटी आहे’ म्हणा. मिसळ खाल्लेलीच असते, कुणीही विश्वास ठेवेल. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीवही जातो, असं डॉक्टर सांगतात. पण शनिवारचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, कसं चुकवायचं? परत नाव मागे पडतं.

आणि घरी निघताना गाडी कुठे लावली ते आठवेना, तर वॉचमनकाकांना विचारा. कालही त्यांनीच दाखवली होती.