राणीच्या बागेचे स्वतःचे दुकान

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे, म्हणजेच राणीच्या बागेचे, प्रवेशशुल्क २०१७ मध्ये पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले. तेव्हापासून तिच्या खर्चाचा विषय निघाला की वाद त्याच दोन टोकांवर अडतो: बाग टिकवायची तर तिने कमावले पाहिजे, आणि कमवू लागली की ती लालबाग-परळच्या कुटुंबांची राहणार नाही. लंडनमध्ये राहून हे वाचताना मला या वादात बागेच्या स्वतःच्या दुकानाचा विचार हटकून गळालेला दिसतो.

येथील क्यू या वनस्पती-उद्यानाची दुकाने उद्यानाच्याच मालकीची कंपनी चालवते आणि नफा उद्यानाच्या कामाला जातो. त्याहून मोलाचे म्हणजे, तिथला बराचसा माल संग्रहातून निघतो. मारियान नॉर्थ यांनी जगभर हिंडून रंगवलेली आठशेहून अधिक चित्रे तिथे १८८२ पासून स्वतंत्र दालनात आहेत आणि त्यांतील काहींच्या प्रती, भेटकार्डे विकत मिळतात. त्यांनी सिंगापुरात रंगवलेले उर्वशी या झाडाच्या तांबड्या, लोंबत्या फुलांच्या घोसांचे चित्रही या संग्रहात आहे. मूळची ब्रह्मदेशातली ही उर्वशी राणीच्या बागेत प्रत्यक्ष फुलते, पण बाग पाहून परतणाऱ्या मुलाच्या हातात असतो तो फाटकाबाहेरचा फुगा. (फुगेवाल्यावर माझा राग नाही, त्याचा धंदा बुडवणारे दुकान मला नकोच आहे.)

उर्वशी, गोरखचिंच, कैलासपती यांची चित्रे मुंबईतल्या चित्रकारांकडून रंगवून घ्यावीत, आणि प्रत्येक कार्डामागे झाडाचे नाव व ते बागेत नेमके कुठे आहे हे छापावे, म्हणजे कार्ड घेणारा पुन्हा झाडापाशी जाईल. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कागद वाकतो, तेव्हा उघड्या मांडण्यांऐवजी काचेची कपाटे हवीत. दहा-वीस रुपयांच्या वस्तू मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली असाव्यात. रोपे आणि बिया स्थानिकांसाठी ठेवाव्यात, कारण आमच्यासारख्यांना त्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. आम्हाला बॅगेत सपाट राहील असे काही पुरते. बाहेर पडायची वाट मात्र दुकानातून काढू नये. खिशात परतीच्या तिकिटापुरतेच पैसे असलेल्या बापाला मुलांसमोर अवघडून टाकणारी ही परदेशी युक्ती मला कधीच पटलेली नाही.

क्यूचे सगळेच घ्यावे असेही नाही. एकेकाळी एका पेनीत प्रवेश देणाऱ्या या उद्यानाचे प्रौढांचे तिकीट आता वीस पौंडांच्या वर जाते. दुकाने असूनही ते स्वस्त राहिलेले नाही. म्हणून दुकानाच्या भरवशावर पन्नास रुपये कमी होतील, असे आश्वासन मी देणार नाही. माझा आग्रह एवढाच की महापालिकेने ही जागा सर्वाधिक भाडे देणाऱ्या ठेकेदाराच्या हवाली करू नये, कारण भाडे वसूल करायला तो वेफर्स आणि प्लॅस्टिकचे पेंग्विनच विकणार. माल निवडताना उद्यानाच्या वनस्पतितज्ज्ञांचा शब्द अखेरचा असावा आणि हिशेब दरवर्षी फाटकावर लावावा.