हँडलचं एवढं कौतुक कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पहिली छोटी होडी निवडण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा जरा फणकारा आला. दुसऱ्यांदा वाचताना तो ओसरला, म्हणून आज लिहायला बसलो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : १४ फुटांपर्यंतची होडी वळवायला मागच्या इंजिनाला जोडलेलं, हाताने धरायचं हँडलच बरं आणि गाडीसारखं चाक म्हणजे निव्वळ हौस, असं मी बेधडक लिहून टाकलं. पाठदुखीवाल्यांचा विचार केला नाही. हँडल हातातून सुटलं तर काय होतं, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटी तुमचा निकाल : होडी केवढीही असो, चाकच घ्या, तेच सुरक्षित.

यातला हँडल सुटण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो राहून जायला नको होता, कारण तो माझ्यावरच बेतलेला आहे. होडीत एकटाच होतो, वेग बऱ्यापैकी. टोपी उडाली म्हणून हात वर गेला. दोन सेकंद, फार तर तीन. इंजिनाचा पाण्यातला पंखा एका दिशेला फिरतो, त्याचा जोर इंजिनाला सतत एका बाजूला ढकलत असतो, आणि एरवी तो जोर आपला हात पेलत असतो. हात गेला तसं इंजिन गर्रकन कडेला वळलं, होडी जागच्या जागी फिरली आणि मी होडीच्या विरुद्ध काठावर बरगडीवर आपटलो. किल स्विचची, म्हणजे चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी लाल दोरी इंजिनाला अडकवलेली होती, पण तिचं दुसरं टोक माझ्या मनगटाला नव्हतं, फळीवर पडलं होतं. बाहेर फेकला गेलो असतो तर होडी तशीच गोल गोल फिरत माझ्यापर्यंत परत आली असती, पंख्यासकट. माणूस पाण्यात आणि रिकामी होडी त्याच्याभोवती चकरा मारतेय, असे अपघात होतात. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटारहोड्यांवर, होडी वेगात असताना चालवणाऱ्याने ही दोरी किंवा तिचा बिनतारी भाऊ वापरणं कायद्याने सक्तीचं केलं, ते उगाच नाही.

पण तो कायदा चाकवाल्यांनाही लागू आहे, हेही बघा. साधं, केबलने इंजिन वळवणारं चाक सोडलंत तर तेही हळूहळू फिरायला लागतं. पंख्याचा उलटा जोर केबलमधून चाकापर्यंत येतोच. तो अडवणारी केबलची व्यवस्था मिळते, आणि हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबाने इंजिन वळवणाऱ्या चाकात, तो सिलिंडरपाशीच थोपवला जातो. तेव्हा "चाक म्हणजे सुरक्षित" एवढ्यावर भागत नाही. कुठलं चाक, ते सांगा. हँडलवाल्यांसाठी दोन गोष्टी : इंजिन वळतं तिथे घर्षण कमीजास्त करायचा खटका किंवा स्क्रू असतो, तो थोडा आवळून ठेवा. आणि पंख्याच्या वर, पाण्याखाली छोटी पट्टी असेल, तर होडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला तिचं मागचं टोक किंचित वळवा. हाताला पडणारा ताण चांगलाच हलका होतो. (चाकाच्या होडीतही ही पट्टी तितकीच कामाची, आणि तितकीच दुर्लक्षित.)

पाठीचा मुद्दाही बरोबर. अंग पिळून, एक हात मागे ठेवून तासभर लाटांवर बसणं पन्नाशीनंतर परवडत नाही. हँडलला लावायचा लांब दांडा येतो, त्याने सरळ बसता येतं, पण बिघडलेल्या मणक्याला तो पुरेसा पडेलच असं नाही. "हौस" हा शब्द मागे घेतो.

आता जिथे मी हटणार नाही ते.

माझ्या मते हँडल की चाक हा प्रश्न मुळात वजन कुठे बसणार याचा आहे. १४ फुटी होडी घ्या. मागच्या फळीवर २० अश्वशक्तीचं इंजिन, साधारण ५० किलो. त्याच्यालगत २५ लिटरची टाकी, भरलेली असताना अठरा-वीस किलो. बॅटरी. आणि हँडल धरून बसलेले ८० किलोचे आपण. शेवटच्या तीन-चार फुटांत दीडशे किलोंच्या वर गेलं. एकटे असाल तर पुढचं टोक आभाळाकडे जातं, समोरचं दिसत नाही, होडी वेग घेऊन पाण्यावर चढून सरकायला वेळ घेते आणि वारा त्या उचललेल्या टोकाला हवं तिकडे ढकलतो. माझ्या लेखात हे नव्हतं, आणि खरं तर चाकाच्या बाजूचा हाच सगळ्यात भक्कम मुद्दा तुमच्याही प्रतिक्रियेत नाही! चाकामुळे माणूस मध्याकडे सरकतो आणि होडी सपाट बसते.

पण त्यासाठी जागा मोजावी लागते. चाक ज्यावर बसतं ते खोकं, त्यामागचं आसन आणि पाय ठेवायची जागा मिळून तीन-चार फूट गेले, तेही होडी सगळ्यात रुंद असते तिथले. उभं राहून गळ टाकायचा, मासा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पळाला की त्याच्यामागे जायचं, दोघांनी एकमेकांना ओलांडायचं, ते सगळं त्याच जागेत. म्हणून मी आधी टाकी आणि बॅटरी पुढे सरकवून बघतो. लांब पाइप आणि जाड वायर एवढाच खर्च.

दुसरं म्हणजे वळण्याचा वेग. हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायला हाताची एक हालचाल पुरते. चाकाला तीन-चार फेरे लागतात, हायड्रॉलिकला कधी त्याहूनही जास्त. वाऱ्यात एका जागी होडी धरून मासे मारायचे असतील, तर हा फरक दर मिनिटाला जाणवतो. मात्र हँडल उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे जाते, आणि घाबरलेला नवखा नेमका उलटं करतो. मोकळ्या पाण्यावर आधी तासभर सराव करा, मगच धक्क्याजवळ जा.

आणि केबल. तिच्याकडे कोणी बघत नाही. चाक जड व्हायला लागलं की समजा, केबलचा दांडा इंजिनाच्या ज्या नळीत सरकतो तिथे मीठ आणि गंज बसतोय. ग्रीस मारताना केबलचा दांडा पूर्ण आत घेतलेला हवा. तो बाहेर असताना ग्रीस भरलं तर नळीत तेच घट्ट अडकून बसतं. जड चाक जोर लावून फिरवत राहणाऱ्याची केबल कधीतरी भर पाण्यात तुटते. हँडलला तुटण्यासारखं जवळपास काही नसतं.

तुम्ही लिहिलंय की तुमची होडी सपाट तळाची, १४ फुटी, बहुतेक वेळा तुम्ही आणि मुलगा दोघंच, आणि येत्या हंगामात चाक बसवायचा विचार आहे. सपाट तळ उभं राहायला छान, पण वेगात झटकन वळवला तर आधी घसरतो आणि मग एकदम पकड घेतो. तेव्हा हँडल असो वा चाक, वळायच्या आधी वेग उतरवा. मुलगा पुढे बसत असेल तर तुमच्या वजनाचा अर्धा प्रश्न तसाच सुटलाय. उरली पाठ, आणि ती तुमची तुम्हालाच माहीत.

भोकं पाडण्याआधी एक करून बघा. २० लिटरचे तीन कॅन पाण्याने भरा, जिथे खोकं येणार तिथे दोरीने घट्ट बांधा, मागे एक आसन ठेवा आणि दोघं मिळून अर्धा दिवस मासे मारून या. कितीदा अडखळलात ते मुलाला मोजायला सांगा. आकडा मला कळवा, मूळ लेखात दुरुस्ती करताना तो तुमच्या मुद्द्याखाली घालतो.