उत्तर टाळणारं पात्र
कथा-कादंबरीतले संवाद कसे लिहावेत यावरच्या एका लेखात 'माणसं बोलतात तसेच संवाद लिहा' असा सल्ला वाचला. तो मला अर्धाच पटला. खरं बोलणं जसंच्या तसं उतरवलं तर 'हं', 'बरं', 'मग काय' यातच पान संपतं. संवादात जीव येतो तो पात्र सरळ उत्तर टाळतं तेव्हा.
"पैसे भरलेस का?"
"आई झोपली?"
एवढ्यात सगळं कळलं, पुढे 'तो ओशाळून म्हणाला' कशाला हवं? आणि मराठीत तर 'तू'वरून एकदम 'तुम्ही'वर येणं केवढं बोलकं असतं! जुन्या मैत्रिणींच्या भांडणात तो एकच शब्द बदलला की अंतर पडलेलं दिसतं. लेखात याचा उल्लेख हवा होता. मी प्रत्येक प्रकरण मोठ्यानं वाचते. जीभ अडखळली की ते वाक्य पुन्हा लिहिते.