मावशीच्या सलाइनमध्येही झाडच आहे

फोंड्याच्या माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. परवा फोनवर म्हणाली, “पुढची केमो घेऊ नको काय रे?” भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तिच्यापर्यंत पोचला होता. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी. सोबत सदाफुलीची पानं घ्या. मोरीला, म्हणजे शार्क माशाला, कॅन्सर होत नाही म्हणून तिच्या हाडांची पूड घ्या. रानात आणि समुद्रात औषध फुकट आहे, कंपन्या ते लपवतात. केमो ताबडतोब बंद करा. खाली जोडलेले हात.

शेवटचं वाक्य आधी घेतो. बाकीची चुकीची आहेत, हे माणूस मारतं. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ साली ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये एक अभ्यास छापला. कॅन्सर दूर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ जण त्यात होते. तसाच आजार असून नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. पाठवणाऱ्यांनी हा आकडा वाचावा आणि मग जोडायचे तर हात जोडावेत.

आणि सोडायचं काय, तर झाडच! मावशीला मिळणारं पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडलं. ते शोधणाऱ्या दोघांतले एक, मनसुख वाणी, नंदुरबारला जन्मलेले. त्यांनी आणि मनरो वॉल यांनी १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९२ साली. मधल्या काळात नुसती चालढकल चालली नव्हती. औषध पाण्यात विरघळत नव्हतं, ज्या द्रावणात विरघळलं त्याची रुग्णांना अ‍ॅलर्जी येत होती. म्हणून आजही ते सलाइन लावण्याआधी अ‍ॅलर्जीवरची औषधं देतात. काढ्याच्या पातेल्याआधी कोण काय देतं?

सदाफुलीचं मान्य करावं लागेल. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन मिळाली, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. पण ती सापडली कशी? मधुमेहावर उपाय म्हणून कॅनडात १९५०च्या दशकात उंदरांना सदाफुलीचा अर्क टोचला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. मावशीच्या पांढऱ्या पेशी केमोने आधीच खाली येतात, प्रत्येक वेळी रक्त तपासूनच पुढचं सलाइन लागतं. तिने वर हा काढा प्यायचा? त्यात काय, किती उतरलंय हे कुणी मोजलेलं नाही. (साखरेसाठी रोज सकाळी सदाफुली चावणाऱ्यांनीही हे वाचावं.)

१०,००० पट हा आकडा हवेतला नाही, हेही नाइलाजाने सांगतो. १९९६च्या एका शोधनिबंधात लक्ष्मणफळाच्या बियांतलं एक रसायन प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा एवढं तीव्र ठरलं होतं. पेशींवर, माणसांवर नाही. बियांतलं, पानांच्या काढ्यातलं नाही. उलट ग्वादेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार दिसल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं, तेव्हापासून या झाडाकडे संशयाने पाहिलं जातं.

मोरीला कॅन्सर होतो. तिला हाडंच नसतात, कूर्चा असते. त्या कूर्चेचा अर्क फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर तपासला, २०१० साली निकाल छापला, आयुष्य वाढलं नाही. मोरीचं आंबटतीक करा, पूड नको.

समुद्रात औषधं आहेत, खरं आहे. रक्ताच्या कॅन्सरवरच्या सायटाराबिन या औषधाची वाट कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजाने दाखवली. आपल्या दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतही समुद्रजीवांतली रसायनं तपासली जातात. पण फुकट? जपानमध्ये ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे रसायन निघालं साडेबारा मिलिग्रॅम. त्यावरून बेतलेलं एरिब्युलिन पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर देतात आणि ते कारखान्यात बनवावं लागतं.

राहिल्या कंपन्या. त्या पैशासाठी काय काय करतात यावर वेगळं भांडता येईल. पण यूच्या सालीतून आलेलं ते औषध टॅक्सॉल या नावाने ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने विकलं, २००० सालची विक्री १.६ अब्ज डॉलरच्या आसपास. लपवून एवढं विकता येत नाही.