प्लेयर आत्ताच का घेतला

कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे आले त्याच आठवड्यात नागपूरला गेलो आणि ब्लू-रे प्लेयर घेऊन आलो, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची जी ब्लू-रे तबकडी, ती टीव्हीवर चालवायचं यंत्र. सेकंडहँड, साडेचार हजारात. तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, मोबाईलवर सगळं दिसते तर हा डबा कायले आणला? दोन महिने डोक्यात घोळवून मग घेतलाय, म्हणून सगळ्यांना एकदाच इथे सांगतो. पोस्ट मोठी होईल.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. घरात आई, बाबा, बायको, दोन लेकरं आणि कॉलेजसाठी आमच्याकडे राहिलेला भाचा. टीव्ही 43 इंची, चांगला आहे. त्याला नेट मात्र माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. फायबर ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत आला, आमच्या गल्लीत अजून नाही. माझा पॅक रोज दीड जीबीचा. एचडी सिनेमा तासाला 3 जीबीपर्यंत खातो, म्हणजे अडीच तासांच्या एका पिक्चरला साडेसात जीबी. पाच दिवसांचं नेट एका संध्याकाळी संपलं. दर्जा खाली आणला तर भागतं, पण मग एवढ्या मोठ्या पडद्यावर धुरकट चित्र बघायचं, आणि बाबांना तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता कुठे नीट दिसायला लागलंय.

नेटचा हिशेब एकवेळ जमवता येतो, मोठा पॅक मारता येतो. लाईनचं काय करायचं? मृगाच्या आधीचं वादळ आलं की आमच्याकडे चार-चार तास लाईन नसते. घरी इन्व्हर्टर आहे, त्यावर टीव्ही आणि एक पंखा आरामात चालतो. पण टॉवरची बॅटरी तेवढी टिकत नाही. आधी नेट जातं, मग बोलायची रेंजही जाते. टीव्ही चालू, पंखा चालू, आणि पडद्यावर तो गोल फिरत राहतो.

मे महिन्यातली गोष्ट. बहीण माहेरी आली होती. आईने कितीतरी दिवसांनी स्वतःहून एका पिक्चरचं नाव काढलं. लग्न झालं त्या वर्षी बाबांनी तिला यवतमाळच्या टॉकीजमध्ये दाखवलेला. एका ॲपवर सापडला. संध्याकाळी सडा टाकून अंगणात टीव्ही काढला, शेजारच्या दोन काकू आल्या. शेवटचा अर्धा तास राहिला होता तेव्हा वारा सुटला, लाईन गेली, आणि थोड्या वेळाने रेंजही गेली. आई बराच वेळ तशीच खाटेवर बसून होती. मग खरिपाची धावपळ लागली आणि ते राहूनच गेलं. पोळ्याच्या सुमारास तिने पुन्हा आठवण केली, तेव्हा त्या ॲपवर तो पिक्चर नव्हताच.

आई म्हणाली, "पैसे भरले होते न आपन? मंग काहून काढून नेला?"

तिला मी समजावलं की आपण भरतो ते भाडं. ॲपवाल्यांचा आणि निर्मात्यांचा करार मुदतीचा असतो, मुदत सरली की पिक्चर उतरतो. डाउनलोड करून ठेवला तरी त्यालाही तारीख असते. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगतो, सांगताना मलाही पटत नव्हतं. तिकीट काढून टॉकीजमध्ये बसलेल्या माणसाला मध्येच उठवत नाहीत.

मग मी चौकशीला लागलो.

प्लेयर घ्यायला गेलो तेव्हा पिशवीत घरून तीन सीडी नेल्या होत्या. एक व्हीसीडी, एक डीव्हीडी, एक गाण्यांची. आपल्याकडे सगळ्यालाच सीडी म्हणतात, पण यंत्राला त्यातला फरक कळतो आणि सगळे ब्लू-रे प्लेयर व्हीसीडी वाचत नाहीत. ज्यांच्या घरी जुन्या व्हीसीडी आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, आपली सीडी सोबत न्या आणि दुकानात लावून बघा. पहिल्या प्लेयरने माझी व्हीसीडी घेतलीच नाही. दुसऱ्याने दोन क्षण घरघर केली आणि चित्र आलं. तोच घेतला. अजून एक बघायचं ते रिजन. ब्लू-रेला जगाचे तीन भाग केलेत, आपण सी मध्ये, अमेरिका ए मध्ये. तिकडून कोणी नातेवाईक सीडी आणणार असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर इथे लागणार नाही.

दुकानदाराने त्याच्याजवळची एक ब्लू-रे लावून दाखवली. रात्रीचा प्रसंग होता, एक म्हातारा घोंगडी पांघरून कंदिलाजवळ बसलेला. नेटवर असा प्रसंग आला की अंधाराचे चौकोन चौकोन पडतात, काळा रंग फाटल्यासारखा दिसतो. इथे घोंगडीची कुसं एकेक मोजून घ्यावीत अशी दिसत होती, आणि तिच्यामागचा अंधार सलग होता, आपल्या वावरात अवसेला असतो तसा. मी त्याला तो प्रसंग परत लावायला सांगितलं.

यात जादू काही नाही. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावतात, ब्लू-रेच्या एका थरात 25 आणि दोन थरांत 50. डीव्हीडी लाल लेझरने वाचतात, ब्लू-रे निळ्या-जांभळ्या. त्याची लहर आखूड, म्हणून टोक बारीक, म्हणून तेवढ्याच तबकडीवर कितीतरी जास्त लिहिता येतं. ॲपला 1080 चं, म्हणजे फुल एचडी चित्र सेकंदाला 5 मेगाबिटच्या आसपास बसवावं लागतं, डिस्कवर एकट्या चित्राला 40 पर्यंत मुभा आहे. आवाजही डिस्कवर जास्त भरीव असतो, पण टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर त्यासाठी पैसे घालू नका.

आता भाच्याचं म्हणणं. तो म्हणाला, "मामा, मले एक तरी नव्या मराठी पिक्चरची ब्लू-रे दाखवा." दाखवू शकलो नाही. मी स्वतः आजवर एकही हातात धरलेली नाही. हिंदी, इंग्रजी जुन्या सेकंडहँड मिळतात, नवीन घ्यायला गेलं तर एकेक डिस्क महिन्याच्या रिचार्जपेक्षा महाग पडते. नवीन पिक्चर, मालिका, लेकरांचे कार्टून यासाठी ॲपच लागणार, हे मी मान्य केलं. यवतमाळला राहणारे आमचे जावई, त्यांच्या घरी फायबर आहे, लाईन क्वचित जाते. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी स्वतःच सांगितलं की तुम्हाला प्लेयरची गरज नाही. आम्हीही ॲप बंद केलेलं नाही. वर्षाचं न भरता दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं महिन्या-महिन्याने भरायचं ठरवलंय. वेचणी-मळणीच्या दिवसांत रात्रपाळीच्या लाईनवर ओलित करून पहाटे घरी येणारा माणूस कोणतं ॲप बघणार आहे?

पण माझा निर्णय ज्या मुद्द्यावर ठरला तो वेगळाच आहे. ॲप आज नाही घेतलं तर उद्या घेता येतं, पुढच्या वर्षी घेता येतं. प्लेयरचं तसं नाही. ब्लू-रे 2006 मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यासमोर एचडी डीव्हीडी नावाची दुसरी तबकडी होती. 2008 मध्ये तोशिबाने ती सोडून दिली आणि ब्लू-रे जिंकली. जिंकलेल्या तबकडीचे प्लेयरसुद्धा आता एकेक कंपनी सोडते आहे. सॅमसंग 2019 मध्ये या धंद्यातून बाजूला झाली, एलजीनेही 2024 मध्ये प्लेयर बनवणं थांबवलं. टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून सुरुवात केलेल्या नेटफ्लिक्सने 2023 मध्ये अमेरिकेतला तो धंदा कायमचा बंद केला. व्हीसीआरचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे, शेवटची कंपनी 2016 मध्ये थांबली. आज कपाटात कॅसेट असतात, त्या चालवायला घरात काही नसतं. तबकडीच्या आधी यंत्र संपतं. म्हणून आत्ता.

आणि चालवायला आमच्याकडे खूप आहे. बाबांनी जमवलेला एक पत्र्याचा डबा आहे, बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र घासून गेलेलं. त्यात शंभराच्या वर सीडी. बऱ्याचशा मोझर बेअरच्या, त्या काळी व्हीसीडी 28 रुपयांना मिळायची, बाबा कापूस विकायला गेले की बसस्टँडवरून दोन आणायचे. ती कंपनीही 2018 मध्ये अवसायनात गेली. व्हीसीडीचं चित्र ब्लू-रेसमोर काहीच नाही, मोठ्या टीव्हीवर तर फारच मऊ दिसतं. तरी त्या डब्यातल्या मराठी पिक्चरांची नावं भाच्याने एका रविवारी सगळ्या ॲपवर टाकून बघितली, तर निम्म्याहून जास्त कुठेच सापडली नाहीत. भाचा तेव्हापासून प्लेयरबद्दल काही बोलत नाही. परवा एक व्हीसीडी अडकत होती तर त्यानेच बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि मधून कडेकडे सरळ पुसली, गोल न फिरवता. तसंच पुसायचं असतं.

त्याच डब्यात बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी निघाली, 2009 ची. आमची आजी 2014 मध्ये गेली, तिचं चालतं-बोलतं चित्र फक्त त्यात आहे. प्लेयर आणल्याच्या दुसऱ्या दिवशी लावली. हळदीला आजी जात्याजवळ बसून गाणं म्हणते आहे, कपाळावरचा पदर पुन्हा पुन्हा मागे सारते आहे. आई टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. 41 व्या मिनिटाला चित्र थबकलं, पुढे जाईना. दोनदा पुसली, दुसऱ्या लॅपटॉपवर लावली, तिथेही तेच.

कारण नंतर कळलं. विकतची डिस्क कारखान्यात छापलेली असते, लग्नाची सीडी मात्र राईट केलेली. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो, लेझरने तो जाळून लिहितात, आणि हा थर उष्णतेने, उन्हाने हळूहळू खराब होतो. आमचा डबा पंधरा वर्षं पत्र्याखाली माळ्यावर होता, मे महिन्यातल्या 45 डिग्रीत. तुमच्याही घरी अशा सीडी असतील, लग्नाच्या, बारशाच्या. आजच खाली काढा आणि पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या, एक नाही, दोन पेन ड्राईव्हवर. पहिली 41 मिनिटं आम्ही तशी उतरवली आहेत.

ज्या फोटोग्राफरने शूटिंग केलं होतं त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी दुकान मुलाला दिलंय, पण जुन्या पेटीतून त्यांनी लग्नाची मूळ कॅसेट शोधून दिली. मिनी डीव्ही, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, वर बहिणीचं नाव आणि तारीख. ती चालवणारा त्यांचा कॅमेरा कधीच बिघडलाय, दुरुस्त होत नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावती, नागपूर, कुठेही कोणाकडे चालू स्थितीतला मिनी डीव्ही कॅमेरा असेल तर मला मेसेज करा. कॅसेट घेऊन मी स्वतः येतो, आईलाही सोबत आणतो.