'दुर्मिळ रेकॉर्डिंग' टाकताय? मग सोबत तारीख आणि उगमही टाका

रॉकच्या ग्रुपांवर एक पोस्ट ठरलेली असते: 'दुर्मिळ! आजवर कुणी न ऐकलेलं लाइव्ह!!' कुठला कार्यक्रम, कुठलं साल, रेकॉर्ड कुणी केलं, याचा पत्ता नाही. माझ्या मते तारीख, ठिकाण आणि उगम नसेल तर तो शोध नाही, नुसती फाइल आहे.

तारीख काढायला सेटलिस्ट डॉट एफएमवर, म्हणजे कुठल्या कार्यक्रमात कुठली गाणी वाजली याच्या याद्यांच्या साइटवर, बँडचं नाव टाका आणि गाण्यांचा क्रम जुळवून बघा. एकच गाणं असेल तर मधली बडबड ऐका, गायक बऱ्याचदा शहराचं नाव घेतो. ड्रमवर कोण आहे हे कळलं तरी वर्षांचा घोळ बराच कमी होतो. फक्त या याद्या चाहत्यांनीच भरलेल्या असतात आणि जुन्या दौऱ्यांच्या अनेकदा अर्धवट असतात, त्यामुळे यादीत गाणं नाही म्हणजे ते वाजलंच नाही असं नव्हे.

आता 'लॉसलेस', म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली फाइल, हा शब्द. कुणीही एमपीथ्री (आवाज गाळून लहान केलेली फाइल) उचलून तिची फ्लॅक ही लॉसलेस प्रकारची फाइल बनवू शकतो. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल त्यात टाका आणि आवाज किती किलोहर्ट्झपर्यंत पोचतो त्याचं चित्र बघा. सीडीवरून आलेला आवाज २२ किलोहर्ट्झच्या आसपास पोचू शकतो. १२८ केबीपीएसची एमपीथ्री साधारण १६ ला कापल्यासारखी दिसते. पण इथेच लोक घाई करतात. एफएम रेडिओवरून टेप केलेला कार्यक्रमही १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, कारण स्टिरिओ प्रसारणच तेवढं असतं. मग बरोबर १९ किलोहर्ट्झवर एक बारीक आडवी रेघ दिसते का बघा. ती स्टिरिओचा पायलट टोन, म्हणजे प्रसारण स्टिरिओ आहे हे रेडिओला कळवणारा खुणेचा स्वर. दिसली तर उगम रेडिओ, आणि पोस्टमध्ये तसं लिहा. न दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बरेच टेपरेकॉर्डर ती गाळून टाकत.

वेगाचं दुखणं याहून वाईट. कॅसेटवरून कॅसेट उतरवताना प्रत्येक मशीनची मोटर थोडी वेगळी फिरते. टेप ६ टक्के जलद झाली की गाणं अर्धा स्वर चढतं. गन्स एन रोझेससारखा बँड गिटार अर्धा स्वर उतरवून वाजवतो. त्यांचं गाणं नेमकं अर्धा स्वर वर ऐकू आलं तर आधी टेपवर संशय घ्या. उलट मात्र जपून: वय वाढलं की गायक पट्टी उतरवून घेतात, म्हणून खाली ऐकू आलं की टेप हळू, असं लगेच म्हणू नका.

यावर माझी आवडती युक्ती म्हणजे विजेची घरघर. अँप्लिफायरमधून ती रेकॉर्डिंगमध्ये शिरते: युरोपात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०, आणि त्यांच्या दुपटी. ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरमध्ये दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडा, स्पेक्ट्रमचा आलेख काढा, साइझ मोठ्यात मोठा ठेवा. लंडनच्या कार्यक्रमात शिखर ५३ वर आलं तर टेप ६ टक्के जलद आहे. मग 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्त्यांत नुसतं 'चेंज स्पीड') वापरा, 'चेंज पिच' नव्हे. टेप पळते तेव्हा लय आणि स्वर दोन्ही एकत्र चढतात. एक मेख आहे: घरघर नंतरच्या कॉपीच्या वेळी शिरली असेल तर ती ५० च दाखवेल आणि तुम्ही फसाल. म्हणून गिटार हातात घेऊन स्वर पडताळाच.

बँडची परवानगी हा मुद्दा लोक उगाच टाळतात. ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी कार्यक्रमात वेगळी जागाच दिली. पर्ल जॅमने २००० च्या दौऱ्याचे ७२ लाइव्ह अल्बम स्वतःच काढले. किंग गिझार्डने २०१७ मध्ये अख्खा अल्बम मास्टर फाइल्ससकट फुकट दिला, हवं त्याने छापावा म्हणून. अशा बँडांचं काही टाकायचं तर थेट त्यांच्या पानाची किंवा इंटरनेट आर्काइव्हची लिंक द्या. दुसऱ्याच्या चॅनेलवरचा व्हिडिओ उतरवून स्वतःच्या नावाने चढवणं याला मी तरी शेअरिंग म्हणत नाही.

बातम्यांसाठी फेसबुकच्या भरवशावर राहू नका. फीड काय दाखवेल ते त्याचं तो ठरवतो. बँडच्या साइटवर ईमेल द्या. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला आरएसएस फीड, म्हणजे नव्या व्हिडिओंची आपोआप भरत जाणारी यादी, असते, चॅनेलचा पत्ता कुठल्याही चांगल्या फीड रीडरमध्ये टाकला की तो ती शोधून काढतो.

आणि लिंक टाकताना प्रश्नचिन्हानंतरचं 'एसआय' (si) किंवा 'एफबीक्लिड'ने (fbclid) सुरू होणारं शेपूट कापा, ते फक्त माग काढायला असतं. यूट्यूबच्या लिंकमधलं 'व्ही'ने (v) सुरू होणारं मात्र ठेवा, तो व्हिडिओचा नंबर आहे. दोन तासांच्या कार्यक्रमातला एकच सोलो दाखवायचा असेल तर शेअर करताना 'स्टार्ट अ‍ॅट'वर टिक करून वेळ घाला.